घडी घातलेला गाउन

१

पाळणा रिकामा होता.

म्हणजे अगदीच रिकामा नव्हता. आत फिकट निळं अंथरूण होतं, त्यावर बाळाच्या डोक्याचा छोटा खळगा होता, आणि खळग्याशेजारी बाळाच्या पायातली ओळखपट्टी पडली होती. कात्रीनं कापलेली. बाळ तेवढं नव्हतं.

नवजात बाळांच्या कक्षातली धाकटी सिस्टर हातात दुधाची वाटी घेऊन उभी होती. ओरडायला तिनं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. शेवटी हातातून वाटी सुटली आणि तिच्या खणखणाटानं सगळा मजला गोळा झाला.

फौजदारबाई धापा टाकत पोचल्या तेव्हा दारात ही गर्दी! बाई पूर्वी पोलिसात होत्या. ती नोकरी सुटली आणि या हॉस्पिटलच्या सुरक्षेची जबाबदारी गळ्यात पडली, पण ‘फौजदारबाई’ हे नाव काही सुटलं नाही. आजवर इथं त्यांनी काय शोधलं होतं? चोरीला गेलेल्या चपला आणि एकदा कोणाची तरी हरवलेली कवळी. मूल नाहीसं होईल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"सगळे दरवाजे बंद करा," त्या म्हणाल्या. "आतलं माणूस बाहेर नाही, बाहेरचं आत नाही."

रक्षक दारांकडे धावले.

बाळ चार दिवसांचं होतं. मुलगी. थोडी कावीळ म्हणून तिला दिव्याखाली ठेवलेली. बालरोगतज्ज्ञांनी बाईंना बाजूला घेतलं.

"दिवा थोडा वेळ नसला तरी चालेल हो. पण एवढंसं मूल उपाशी राहिलं, तर अंगातली साखर झरझर उतरते. तुम्ही काय वाट्टेल ते करा, पण लवकर करा."

पलीकडच्या खोलीतून बाळाच्या आईचा आवाज येत होता. ती रडत नव्हती. "आणा ना, तिची प्यायची वेळ झालीय," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

२

"ही बघा, बाई." कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसलेल्या ऑपरेटरनं चित्र थांबवलं.

पडद्यावर एक आकृती बाळांच्या कक्षातून बाहेर पडत होती. निळी टोपी, निळा मास्क, पाठीमागे बांधलेला निळा गाउन. छातीशी निळ्याच कापडातलं गाठोडं. डोळे तेवढे दिसत होते, आणि तेही धड नाहीत.

"अरे देवा, हे तर कोणीही असेल!"

"कोणीही," ऑपरेटर म्हणाला. "आता इथं सगळेच निळे."

खरंच होतं ते. पूर्वी या हॉस्पिटलात हिरव्या सुती कापडाचे गाउन असत. धुवायचे, वाफवायचे, पुन्हा घालायचे. कित्येक वर्षांपूर्वी ते गेले आणि हे न विणलेल्या कापडाचे निळे गाउन आले, चादरीही त्याच कापडाच्या. एकदा घालायचे, फेकायचे. डॉक्टर असो, झाडूवाली असो की बाळ बघायला आलेली आत्या, या कक्षात शिरायचं तर अंगावर तोच निळा गाउन.

आकृती कपडे बदलायच्या खोलीत शिरली. त्या खोलीत कॅमेरा नव्हता, आणि नसणारच. बाई डोळ्यांत तेल घालून खोलीच्या दाराकडे बघत राहिल्या. मग तिथून एकेक जण बाहेर पडला. गाउनविक्रेता आला, रिकामी खोकी काखेत मारून. सफाईची मावशी आली कचऱ्याची ढकलगाडी घेऊन. मग मोठ्या सिस्टर, नव्या चादरींचा गठ्ठा छातीशी धरून वरच्या मजल्याकडे गेल्या. निळी आकृती काही पुन्हा दिसली नाही.

"ढकलगाडी आणि खोकी, दोन्ही अडवा," बाई ओरडल्या. "आणि वरपासून खालपर्यंत एकेक खोली बघा."

सुरक्षारक्षक घुटमळला.

"बाई, तिसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली...?"

बाईंना कळलं. त्या खोलीत मोठ्या सिस्टरांची लेक होती. आज पहाटे तिचं ऑपरेशन झालं, मुलगी झाली, पण ती जन्मल्यावर रडलीच नाही. लेकीला अजून सांगितलं नव्हतं. बाळ काचेच्या पेटीत आहे, एवढंच तिला माहीत. जावई प्रवासात होता. आणि मोठ्या सिस्टर? "घरी बसून काय करू?" म्हणत त्या सकाळी पुन्हा कामावर उभ्या राहिल्या होत्या. सगळं हॉस्पिटल आज त्यांच्या नजरेला नजर द्यायचं टाळत होतं.

"ती खोली सोडा," बाई म्हणाल्या. "आज तिथं कोणी पाऊल टाकायचं नाही."

तेवढ्यात खालून कोणीतरी हाक मारली.

"बाई! गाउन सापडला!"

३

कपडे बदलायच्या खोलीत कचऱ्याचा मोठा डबा निळ्या बोळ्यांनी ओसंडून वाहत होता. पण हा गाउन डब्यात नव्हता. कोपऱ्यात एक जुनं लोखंडी स्टँड होतं, कशाचं ते आता कोणाला माहीत नव्हतं आणि हलवायचा कंटाळा म्हणून ते तिथंच राहिलं होतं. त्या स्टँडवर गाउन ठेवला होता. उलटा केलेला, बाहेरची बाजू आत, मानेकडून व्यवस्थित गुंडाळून घडी घातलेला. शेजारी त्याच कापडाची टोपी आणि मास्क, आणि एक छोटी कात्री.

फौजदारबाईंनी हातमोजा घालून घडी उलगडली. मानेच्या नाड्या सोडलेल्या. कमरेच्याही. कुठं ओढाताण नाही, फाटलेलं नाही.

मूल पळवणारं माणूस इतकं सावकाश गाठी सोडत बसतं? बाईंना नवल वाटलं, पण विचार करायला फुरसत नव्हती. बाहेर गाउनविक्रेत्याचा आवाज चढला होता.

"मी? मी बाळ चोरीन? अहो, मलाच दोन आहेत, तीच आवरत नाहीत!"

त्याला सगळे ‘निळेभाऊ’ म्हणत. निळं कापड विकायचा, शर्टही निळाच घालायचा. आज सकाळी मधल्या हॉलमध्ये त्याचं प्रात्यक्षिक होतं आणि निम्मा स्टाफ तिथं जमला होता. धाकटी सिस्टरही दोन मिनिटं डोकावली. तेवढ्यात डाव साधला गेला होता.

खोकी उघडली. आत नमुन्यांच्या गुंडाळ्या, बाकी काही नाही. ढकलगाडीही उलटीपालटी केली. बोळेच बोळे.

"एक सांगा," बाईंनी विचारलं. "बाळाला या कापडात गुंडाळून, वर आणखी चार पदर टाकून लपवलं असेल, तर गुदमरेल का हो ते?"

निळेभाऊचा चढलेला आवाज एकदम उतरला. त्यानं एक तुकडा फाडला, स्वतःच्या नाकातोंडावर घट्ट धरला आणि त्यातूनच बोलायला लागला. "नाही बाई. बघा, श्वास येतो-जातो. यात ताणा-बाणा नाही, सूतच नाही. बारीक तंतू पसरायचे आणि उष्णतेनं दाबून एकमेकांना चिकटवायचे. तंतूंच्या मधून हवा जाते, पण वरून पाणी टाका, रक्त टाका, थेंब असा घरंगळतो. कापलं तर दशा सुटत नाहीत, जखमेत धागा जात नाही. पिसासारखं हलकं आहे. बाळाला यात त्रास नाही होणार. ज्यानं कोणी गुंडाळलं, त्याला हे माहीत असलं म्हणजे झालं."

बाईंना जरा धीर आला. मग त्यांच्या लक्षात आलं की ते खरंच माहीत असणारं माणूस म्हणजे आपल्यातलंच कोणीतरी.

४

बाहेरच्या व्हरांड्यात वेगळंच रामायण चालू होतं.

"ताई, तुम्हीच! तुम्हीच नेलंत तिला!" बाळाची आई भिंतीला धरून उभी होती. अंगात त्राण नव्हतं, पण डोळे आग ओकत होते. "परवा तुम्हीच म्हणालात, ही मला देऊन टाक!"

समोर बाळाची आत्या उभी होती. तिला मूल नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक. ती बोलली असेलही तसं, लाडानं. पण आता भावजयीच्या तोंडून ते ऐकताना तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वहिनी, अगं गंमत केली होती मी! माझ्या भावाची पोर मी पळवीन? कुठं नेईन? तुझ्याच घरी तर येते मी रोज!"

ती मटकन खाली बसली. धाकटी सिस्टर एका बाजूला हुंदके देत होती. "बाळ उपाशी असेल हो... माझ्यामुळं..."

मोठ्या सिस्टर तिच्या पाठीवर हात फिरवत होत्या. पांढरा गणवेश, केस नेहमीसारखे चापूनचोपून, डोळे मात्र सुजलेले. "नाही गं. उपाशी नाही ती. रडू नको."

फौजदारबाईंना गलबलून आलं. स्वतःवर एवढा डोंगर कोसळलाय, आणि ही बाई दुसऱ्याची पाठ थोपटतेय! बाईंच्या स्वतःच्या बाळंतपणातही हाच हात पाठीवर होता. तेव्हापासून मोठ्या सिस्टर त्यांना एकेरीतच हाक मारत.

"काही लागलं का गं, फौजदारीण?" सिस्टरांनी हळूच विचारलं.

"अजून नाही, सिस्टर. तुम्ही वर जा, लेकीजवळ बसा. इथलं मी बघते."

सिस्टर गेल्या.

बाई आत्याकडे वळल्या आणि बघतच राहिल्या. आत्याच्या अंगावर अजून गाउन होता. सकाळपासूनचा, दारात दिलेला. पण तिनं तो उघडी बाजू पुढं ठेवून कोटासारखा चढवला होता आणि पोटावर नाड्यांचा छान फुगा बांधला होता.

"हा गाउन असाच घातला होता तुम्ही?"

"मग कसा घालतात?" आत्या रडतारडता म्हणाली.

पडद्यावरच्या आकृतीचा गाउन मागून बांधलेला होता. आत्या सुटली. बाईंना आनंद व्हायला हवा होता. पण मग राहिलं कोण? बाहेरचं कोणीच राहिलं नव्हतं.

५

तेवढ्यात शस्त्रक्रिया विभागाचं दार उघडलं आणि मोठे सर्जन बाहेर आले. सकाळपासून ते एका ऑपरेशनमध्ये अडकलेले. बाहेर काय आकांत चाललाय याची त्यांना गंधवार्ता नव्हती. चालता चालताच त्यांनी छातीवर गाउन मुठीत धरला आणि पुढं झटका दिला.

फर्र!

मानेच्या नाड्या तुटल्या, कमरेच्याही. त्यांनी बाह्या ओढल्या, गाउनचा बोळा केला आणि डब्यात भिरकावला. श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ लागला असेल.

फौजदारबाई जागच्या जागी थबकल्या.

"डॉक्टर, तुम्ही गाठी सोडत नाही?"

"गाठी?" सर्जन हसले. "कोणीच नाही सोडत. फाडूनच काढायचा असतो हा, नाड्या सहज तुटतील अशाच चिकटवलेल्या असतात. या कापडाचा तोच तर फायदा. एका झटक्यात सुटका."

"आणि उलटा करून, गुंडाळून, घडी घालून?"

"अहो, ती सुती गाउनची तऱ्हा! तेव्हा तो परत धुवायला जायचा ना. नाडी तुटली तर मोठ्या सिस्टर आमची अशी खरडपट्टी काढायच्या! आम्ही शिकाऊ डॉक्टर चळचळा कापायचो. गाठी सोडा, उलटा करा, गुंडाळा, स्टँडवरच्या पिशवीत ठेवा." त्यांनी कपडे बदलायच्या खोलीच्या उघड्या दारातून कोपऱ्याकडं बोट केलं. "ते बघा ना, ते स्टँड अजून आहे. धुण्याची पिशवी अडकवायचं."

बाईंनी त्या स्टँडकडे बघितलं.

हाताला लागलेली सवय. मन कुठंही असो, सगळं आयुष्य जे केलं ते हात आपोआप करतात. नव्या माणसानं गाउन फाडला असता. परक्या माणसानं, त्या आत्यासारखा, तो उलटसुलट घातला असता. या गाउनच्या गाठी अशा माणसानं सोडल्या होत्या, ज्याचे हात अजून सुती कापडाच्या दिवसांत होते. सुती दिवसांतली दोनच माणसं इथं उरली होती. एक समोर उभं राहून गाउन फाडत होतं आणि सकाळपासून ऑपरेशनच्या टेबलापासून हललंही नव्हतं.

आणि दुसरं? दुसरं माणूस पडद्यावर नव्या चादरींचा गठ्ठा छातीशी धरून वर गेलं होतं. हवा जाणाऱ्या कापडाचा गठ्ठा. त्या गठ्ठ्याकडे बाईंनी बघितलं होतं आणि बघूनही बघितलं नव्हतं. "उपाशी नाही ती," असं ते माणूस म्हणालं होतं. ‘नसेल’ नाही, ‘नाही’. आणि सगळ्या हॉस्पिटलात न तपासलेली एकच खोली होती. ती कोणी सोडायला लावली?

"मीच," फौजदारबाई मोठ्यानं म्हणाल्या. "मीच की हो!"

सर्जन काही विचारायच्या आत बाई जिन्याकडे धावल्या होत्या.

६

शेवटच्या खोलीच्या दारात मोठ्या सिस्टर उभ्या होत्या, दाराला पाठ लावून. फौजदारबाईंना बघून त्या हलल्या नाहीत.

"कळलं तुला," त्या म्हणाल्या.

"सिस्टर... तुम्ही?" वाटेत त्यांनी मनाला किती समजावलं होतं, तरी प्रत्यक्ष ऐकणं वेगळं होतं.

"शुद्धीवर आल्या आल्या म्हणाली, आई, एकदा दाखव. फक्त एकदा जवळ दे." सिस्टरांचा आवाज अगदी सपाट होता. "किती आयांना मी सांगितलंय गं, या तोंडानं. हिला सांगता येईना. म्हटलं, एकदा छातीशी धरू दे, मग सांगते. ती झोपली की पोर परत ठेवून येणार होते. तेवढ्यात तू दारं लावलीस. प्रत्येक वळणावर माणूस उभं. आणि नंतर... नंतर मला तिच्या हातातून घेववेना."

"खाली एक आई वेडी व्हायची वेळ आलीय, सिस्टर!"

"माहितेय. आवाज येतोय मला."

"मला हे वर कळवावं लागेल."

"कळव. माझं काही म्हणणं नाही."

त्या बाजूला झाल्या. फौजदारबाईंनी दार ढकललं.

खोलीत खिडकीतून ऊन आलं होतं. सिस्टरांची लेक उशीला टेकून बसली होती. कुशीत निळ्या कापडात गुंडाळलेलं बाळ, गाढ झोपलेलं, ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब. बाळ जिवंत, पोट भरलेलं बघून बाईंना हुंदकाच आला. आणि लगेच दुसरा विचार आला. आता हिला सांगायचं कोणी?

"हळू," लेक कुजबुजली. "आत्ताच झोपलीय. फार नव्हतं माझ्याकडे, पण ओढत राहिली बिचारी."

सिस्टर पलंगाशी आल्या.

"आई," लेक म्हणाली, "हिची नाळ सुकलीय."

तिनं बाळाच्या पोटावरचं कापड जरा बाजूला केलं.

"तूच शिकवलंस ना मला, नाळ सुकायला तीन-चार दिवस लागतात. माझी आज पहाटे जन्मली." तिनं बाळाच्या कपाळावरून बोट फिरवलं. "आणि हिच्या पायावर पट्टीचा वळ आहे. मला पहिल्यांदा घेतलं तेव्हाच कळलं, ही आपली नाही."

"मग... मग बोलली का नाहीस गं?" सिस्टरांचा आवाज फुटला.

"तुझा चेहरा बघितला. मला वाटलं, मी बोलले तर तू कोसळशील. आणि हिला भूक लागली होती."

आईनं लेकीसाठी खोटं केलं होतं आणि लेकीनं आईसाठी ते गिळलं होतं. फौजदारबाई भिंतीला टेकल्या. पोलिसात असताना त्यांनी नाही नाही ते पाहिलं होतं, पण असा धक्का त्यांना कधी बसला नव्हता.

लेकीनं बाळ उचललं, एकदा गालाला लावलं आणि बाईंसमोर धरलं.

"न्या हिला. हिची आई केव्हाची हाका मारतेय."

बाईंनी बाळ घेतलं. ते कापड इतकं हलकं होतं की हातात फक्त बाळाची ऊब जाणवत होती. दारापर्यंत गेल्यावर त्यांना मागून लेकीचा आवाज ऐकू आला.

"आई, आता माझी मला दाखव."

सिस्टरांनी होकारार्थी मान डोलावली आणि त्या वळल्या. सवयीनं त्यांचा हात कपाटातल्या निळ्या चादरींकडे गेला.

"त्यात नको," लेक म्हणाली. "ते वापरून फेकायचं असतं. माझ्या पिशवीत बघ, तुझ्या जुन्या साडीची दुपटी शिवून आणलीत मी. त्यातलं एक ने."

सिस्टर खाली वाकल्या. पिशवीच्या तोंडाला नाडीची गाठ होती. सावकाश त्या ती सोडायला लागल्या.